हिरवा शिक्का

मुलुखिया करायची म्हणजे चुलीपाशी ठाण मांडावं लागतं. पहाटे वाळल्या पाल्याची हिरवी पूड तेलात परतून आधणात सोडली की दुपारपर्यंत ती मंद आचेवर रटरटत राहते, काळीशार होते, वर तेलाचा तवंग येतो, आणि मधे कुणी ढवळायला विसरलं तर तळाला लागते. मोहरमच्या पहिल्या दिवशी ती आमच्या घरी झालीच पाहिजे. वर्षाच्या पहिल्या दिवशी हिरवं खाल्लं की वर्ष हिरवं जातं, असं माझ्या सासूबाई सांगायच्या, आणि त्यांचा शब्द मोडायची हिंमत त्या गेल्यावरही आमच्यात कुणाला झालेली नाही.

त्या वर्षी नवं वर्ष नेमकं शाळा उघडायच्या तोंडावर आलं. ट्युनिसमधल्या आमच्या पुस्तकवाल्यांच्या दब्बागीन गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. जुनी पुस्तकं द्यायला आलेली पोरं, घ्यायला आलेल्या आया, सगळ्यांची घासाघीस एकाच वेळी. तरी वन्संनी दुपारपुरतं दुकान बंद केलं आणि घरी आल्या. वन्सं म्हणजे शादलिया, आमच्या ह्यांची थोरली बहीण. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. लग्न केलं नाही. सासरे गेल्यापासून पुस्तकांचं दुकान त्यांनीच चालवलं, आणि असं चालवलं की गल्लीतले मिशाळ दुकानदारसुद्धा एखाद्या पुस्तकाचं कूळ कळेना झालं की त्यांच्याकडे घेऊन येतात.

हे मात्र त्यांना चिडवायची एक संधी सोडत नाहीत. आल्या आल्या म्हणाले, "काय ताई, आज किती रद्दीवर शिक्के मारलेस?"

"तुझ्या कपाळावर मारायचा राहिलाय," वन्सं म्हणाल्या आणि चपला काढल्या.

हा आमच्या घरचा जुना विनोद. सासरे गेले त्या वर्षी दुकानातली जांभळी शाई संपली होती. वन्संना दुकानाची सवय नव्हती, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी मिळाली ती हिरवी शाई आणली आणि समोर येईल त्या पुस्तकावर शिक्का मारत सुटल्या, रद्दीवरसुद्धा. गल्ली महिनाभर हसत होती. पुढच्या वर्षी पुन्हा जांभळी शाई आली, पण हसू काही आटलं नाही.

मी ढवळत होते तेवढ्यात उमैमा आली, आमची मुलगी. दोन वर्षं झाली, स्फाक्सच्या शाळेत शिकवते. रात्रीच्या गाडीनं येणार होती, ती सकाळीच ट्युनिसला येऊन कुठं कुठं फिरून आता उगवली. हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी. मला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ओढून म्हणाली, "आई, ओरडू नकोस. नेजिया आत्या समोर मबरूका मावशींकडे बसल्यात."

माझ्या हातातला पळा भांड्यात पडला.

नेजिया आत्या म्हणजे तिजानी काकांची मुलगी. तिजानी काका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, सादोक यांचे, धाकटे भाऊ. एकेकाळी दोघांचं घर एक होतं, दुकानही एकच. त्यांची आई ऑगस्टमध्ये गेली तेव्हा सासरे पुस्तकं आणायला सूसाला गेले होते. शहिलीचा वारा सुटलेला, भिंतीला हात लावला तर चटका बसावा. तिजानी काकांनी इमामांना विचारलं आणि संध्याकाळच्या आत आईला जल्लाजच्या कबरस्तानात नेलं. सासरे दुसऱ्या दिवशी आले ते थेट कबरीवर. ओल्या मातीवर हात ठेवून म्हणाले, "ज्यानं मला आईचं तोंड पाहू दिलं नाही, त्याच्याशी माझा तोंडी शब्द नाही आणि लेखी शब्द नाही. तो आणि त्याची पोरंबाळं माझा उंबरा ओलांडणार नाहीत." काकांचं चुकलं नव्हतं, सासऱ्यांचं दुःखही खोटं नव्हतं. पण माफी मागायची नाही हे दोघांनी एकाच आईच्या दुधातून घेतलेलं. महिन्याभरात काका बायकापोरांना घेऊन स्फाक्सला गेले आणि तिथं दुकान टाकलं.

शादलिया आणि नेजिया तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. एका अंथरुणात झोपायच्या, एका ताटात जेवायच्या. नंतर नेजियाचं लग्न झालं, वन्संनी बापाला विचारलं, बाप नाही म्हणाला, वन्सं गेल्या नाहीत. नेजियाचा मुलगा समुद्रात बुडाला तेव्हाही गेल्या नाहीत. त्या दिवशी दुकान उघडलं नाही, खोलीचं दार लावून बसल्या. मी बाहेरून चहा ठेवला होता, तो तसाच गार झाला. मला हे विसरता येत नाही, कारण सून म्हणून मी या घरात पुष्कळ हट्ट पाहिले, पण तसं रडणं दाराआडून पुन्हा ऐकलं नाही.

"कशाला आणलंस त्यांना?" मी उमैमाला म्हटलं. "आजच्या दिवशी?"

"स्फाक्सला मी त्यांच्याकडे जाते, सांगितलं नव्हतं. त्या इथं डॉक्टरकडे आल्या होत्या. डोळ्यांचा पडदा गेलाय, आता सुधारायचा नाही. जे दिसतंय तेही थोड्या दिवसांचं, असं आज सकाळी सांगितलं त्यांनी. आत्या रडल्याबिडल्या नाहीत. म्हणाल्या, मग मला शादलियाचं तोंड बघायचंय. पण तिनं स्वतः बोलावल्याशिवाय मी येणार नाही, माझ्या बापालाही मान होता. चारच्या गाडीनं परत निघायचंय."

"तुझी आत्या नाही बोलावणार."

"माहीत आहे," उमैमा म्हणाली आणि रुमाल छातीशी धरला. "म्हणून हे आणलंय."

मी तिला अडवायला हवं होतं. घराची रीत म्हणून अडवायला हवं होतं. पण खरं सांगते, मला बघायचं होतं.

बैठकीत वन्सं गादीवर बसल्या होत्या, हे रेडिओची कळ पिळत होते. उमैमानं वन्संच्या दोन्ही गालांचं चुंबन घेतलं, वर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि सरळ म्हणाली, "आत्या, स्फाक्सहून एक पुस्तक आणलंय. कुणाच्या घरून ते सांगितलं तर तुम्ही हातात धरणार नाही, म्हणून सांगत नाही."

तेवढं सांगितलं की कळायचं ते कळलंच. ह्यांनी रेडिओ बंद केला. "उमैमा, आत्याच्या वयाचा विचार कर. घराची काही रीत असते."

"बाबा, माणसांनी उंबरा ओलांडायचा नाही अशी शपथ आहे. पुस्तकांचं काही ठरलेलं नाही."

"वकील व्हायचं सोडून मास्तरीण कशाला झाली ही?" हे माझ्याकडे बघून म्हणाले.

वन्संची नजर रुमालावर होती. मी त्यांना चौतीस वर्षं ओळखते. माशाला पाण्यापासून लांब ठेवता येईल, वन्संना जुन्या पुस्तकापासून नाही. शेवटी त्यांनी हात पुढे केला. "दे. पुस्तकाचा काय दोष."

पहिलीची वाचनमाला होती, फ्रेंचांच्या काळातली. पाठीला कापडाची पट्टी, कडा कसरीनं खाल्लेल्या, आत एका कोंबड्याचं चित्र कुणा पोरानं लाल पेन्सिलीनं रंगवलेलं. वन्संनी पुढची पानं बघितलीच नाहीत. भिंग काढलं आणि पुस्तक पालथं करून शेवटच्या कोऱ्या पानांकडे गेल्या.

आमच्या गल्लीची तशी रीत आहे. जूनमध्ये पोरगं पुस्तक परत घेऊन आलं की दुकानदार मागच्या कोऱ्या पानावर आपला शिक्का मारतो, दुकानाचं नाव आणि साल. शिक्का म्हणजे पुस्तक चोरीचं नाही आणि शाळेत अजून चालतं. शाळेतून जे बंद झालं त्याला शिक्का नाही, ते रद्दी. त्यामुळे जाणत्या माणसाला मागचं पान उघडलं की पुस्तक कुठून कुठं गेलं ते दिसतं.

"हा पहिला," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचा आवाजच बदलला. इतका वेळ ओठ आवळून बसलेली बाई आता दुकानात बसल्यासारखी बोलायला लागली. "अंडाकृती, वर अरबी, खाली फ्रेंच. झैतूना मशिदीच्या पायऱ्यांशी एक जण बसायचा, त्याचा. आणि हा त्याच्या शेजारचा बघ, तोच शिक्का, पण कड तुटलीय. म्हणजे ठसा पडला कधीतरी हातातून. पुस्तक विकलं, वर्षभर कुणीतरी शिकलं, परत आलं, तोवर ठसा फुटला होता. पुढं त्यानं चौकोनी केला, तो यावर नाही. म्हणजे चौकोनी होण्याआधीच हे त्याच्याकडून गेलं."

"कुठं गेलं?" ह्यांनी विचारलं. राग विसरून तेही सरकून बसले होते.

"आपल्याकडे. हा गोल, आमच्या आजोबांचा." वन्संनी भिंग जवळ नेलं. "आणि यानंतर कितीतरी वर्षं एकही शिक्का नाही. म्हणजे आजोबांनी विकायला घेतलं आणि विकलं नाही. घरात ठेवलं."

"पोरांसाठी," मी म्हटलं.

वन्संनी मान हलवली. मग त्यांनी आम्ही कुणी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते नाव घेतलं. "बाबा आणि तिजानी काका एकाच पुस्तकावर शिकले. बैठ्या टेबलाच्या दोन बाजूंना बसायचे. बाबा थोरले, पुस्तक त्यांच्याकडे तोंड करून. काका समोरून बघायचे, म्हणून त्यांना अक्षरं आधी उलटी वाचता यायला लागली. मी लहान असताना बाबा वर्तमानपत्र वाचत बसले की काका समोर बसून तेच पान उलटं वाचायचे, आणि बाबांच्या आधी बातमी सांगायचे. बाबा चिडायचे. आजी हसायची."

एवढं बोलून त्यांनी पान उलटलं.

त्या पानावर शिक्केच शिक्के होते. एक जांभळा, "सादोक, ट्युनिस", सरळ उभा. त्याच्या खाली छोटा तिकोनी, सूसाच्या हमूदाचा. हमूदा हा फिरता पुस्तकवाला, सप्टेंबरात गठ्ठे घेऊन उत्तरेकडे यायचा आणि तसाच गठ्ठे घेऊन दक्षिणेकडे जायचा. मग एक निळा, "तिजानी, स्फाक्स". आणि तो उलटा. मग पुन्हा हमूदा, पुन्हा जांभळा सरळ, पुन्हा निळा उलटा. पान भरून, मागच्या पानावर, पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूवर.

"स्फाक्सवाल्यांना शिक्कासुद्धा धड मारता येत नाही," हे म्हणाले.

"धडच मारलाय," वन्सं हळू म्हणाल्या. "त्याच्या बाजूनं बसून मारलाय."

मुलुखियाचा वास घरभर भरला होता आणि माझं तिकडे अजिबात लक्ष नव्हतं.

वन्संनी बोट ठेवून साल बघितलं. मग दुसरं. तिसरं. "ही वाचनमाला स्वातंत्र्यानंतर बंद झाली. शाळेत नवी पुस्तकं आली. म्हणजे या पानावरचा एकही शिक्का धंद्याचा नाही. हे सगळं रद्दीवर आहे." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "महरेज, बाबा रद्दीवर शिक्का मारत होते. दरवर्षी. गल्लीत कुणी रद्दीवर शिक्का मारला तर त्याच्या सात पिढ्या काढणारा माणूस."

ह्यांच्या चेहऱ्यावरचं मला स्पष्ट आठवतं. काका स्फाक्सला गेले तेव्हा हे तीन वर्षांचे होते. त्यांच्यासाठी तिजानी काका म्हणजे एक बंद कपाट, उघडायचं नाही एवढंच माहीत. रात्री मला म्हणाले, रफीका, मला कधी वाटलंच नाही की त्या कपाटात कुणी माणूस असेल.

मला तर हसूच येत होतं आणि डोळेही भरत होते. काय म्हणावं या दोन म्हाताऱ्यांना. तोंडी शब्द नाही, लेखी शब्द नाही, अशी शपथ घेतली आणि ती एका अक्षरानंही मोडली नाही. शिक्क्यावर आपलं नाव आणि साल, बस. मी आहे, एवढंच. त्यानं उत्तर द्यायचं, मीही आहे. मी म्हटलंसुद्धा, "वन्सं, मला तर बाई कौतुक वाटतं. शपथही पाळली आणि मायाही पाळली."

"तुला वाटणारच कौतुक," वन्सं म्हणाल्या. "तुझं काय गेलं? माझी नेजिया गेली." त्यांनी पानावर बोट आपटलं. "हे साल बघ. नेजियाच्या लग्नाचं. मी बाबांच्या पाया पडले होते, मला जाऊ द्या म्हणून. म्हणाले, शपथ ती शपथ. आणि हा शिक्का बघ, त्याच वर्षीचा. मला नाही म्हटलं, आणि स्वतः तिच्या बापाला हा पाठवला. मला का नाही सांगितलं? मी काय बाजारात ओरडणार होते?"

कौतुक कौतुकाच्या जागी असतं, पण ज्याची मैत्रीण गेली त्याला ते सांगू नये.

"आत्या," उमैमा म्हणाली, "शेवटचा राहिला."

पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात, अगदी कडेला, एक शिक्का होता. "सादोक, ट्युनिस". सरळ उभा. हिरवा.

ह्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. विनोद करायची सवय जिभेच्या टोकापर्यंत आली असावी. पण वन्संचा चेहरा बघून कुणाचीच छाती झाली नसती.

"हा माझा," त्या म्हणाल्या.

"हो," उमैमा म्हणाली.

"बाबा गेले त्या सप्टेंबरचा. हमूदा आला होता. नेहमीसारखा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. मी बघितलंही नाही काय आहे ते, एकामागून एक मारत सुटले. हे वर होतं की खाली होतं तेही आठवत नाही." त्या थांबल्या. "पण हमूदानं एक पुस्तक उचलून शिक्क्यावर फुंकर मारली होती. शाई सुकावी म्हणून. मला वाटलं, हाही हसतोय मला. रद्दीवर फुंकर कोण मारतं?"

मग उमैमानं सांगितलं. तिजानी आजोबा त्या हिवाळ्यात अंथरुणाला खिळले होते. भाऊ गेल्याची बातमी त्यांना लागली होती. पुस्तक आता परत येणार नाही, असं ते धरून चालले होते. हमूदा आला, त्यानं पुस्तक उशाशी ठेवलं, आणि नेजिया आत्यांनी शेवटचं पान उघडून दाखवलं. आजोबांनी पुस्तक उलटं करून घेतलं आणि बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, जांभळा नाही, हिरवा आहे. म्हणजे हा सादोकचा हात नाही, शादलियाचा आहे. बापाच्या मागे पोरीनं चालू ठेवलं, आणि बघ, हिरवा पाठवलाय. "आठवडाभरानं गेले. पुढच्या वर्षी हमूदाही वारला, पुस्तक न्यायला कुणी आलं नाही. नेजिया आत्यांना वाटत राहिलं की तुम्ही शिक्का पाठवलात म्हणजे एक दिवस तुम्हीही याल."

वन्सं खिडकीकडे बघत बसल्या. समोर मबरूकाच्या घराची निळी खिडकी दिसते. खिडकीत कुणीतरी बसलेलं होतं, आमच्याकडे तोंड करून. मबरूकानं मला नंतर सांगितलं, नेजिया आत्यांनी कॉफीही घेतली नाही, म्हणाल्या, दार उघडलेलं मला आवाजावरून कळेल, तू बोलू नकोस.

"ती आहे ना ती?" वन्संनी विचारलं.

उमैमानं डॉक्टरांचं सगळं सांगितलं. कमी केलं नाही, वाढवलंही नाही.

आणि माझा नवरा, ज्यानं आयुष्यात बहिणीपुढे आवाज चढवला नाही, तो म्हणाला, "ताई, शपथ बाबांच्या उंबऱ्याची होती. घर आता तुझ्या नावावर आहे. उंबरा तुझा."

"पुरे झाली वकिली. बाप-लेक सारखेच," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पुस्तक मिटलं, पण खाली ठेवलं नाही. "बाबांना आजीचं तोंड बघायला मिळालं नाही. त्यावरून इतकी वर्षं दोन घरं तुटली. आता तीच चूक मी करायची? तिला दिसतंय तोवर मी इथं बसून राहायचं, आणि मग शपथ पाळली म्हणून मिरवायचं?"

त्या उठल्या. बाहेर जाताना अंगभर घ्यायची सफसारी खुंटीला होती, ती घेतली नाही. पायात चपला नाहीत, घरातले कापडी जोडे. मी म्हटलं, वन्सं, रस्त्यात माणसं आहेत. म्हणाल्या, असू देत.

आम्ही तिघंही मागे गेलो. जायला नको होतं, पण कोण थांबणार.

मबरूकाच्या दारात नेजिया आत्या उठून उभ्या राहिल्या होत्या. उंच, हडकुळ्या, डोक्याला पांढरा रुमाल. जोड्यांच्या आवाजाकडे कान लावलेला.

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"तुझ्या अंगावरचं पांघरूण ओढणारी."

नेजिया आत्यांनी दोन्ही हातांनी वन्संचं तोंड धरलं आणि त्यांना खिडकीच्या उजेडात ओढलं. अगदी जवळ, नाकाला नाक लागेल इतकं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. घाई नाही. वन्सं लहान मुलीसारख्या उभ्या राहिल्या.

"म्हातारी झालीस गं."

"आणि तू काय, लग्नाची आहेस?"

"कानामागचा तीळ आहे अजून."

"तो कुठं जाणार?"

मग दोघी रडल्या. मबरूका रडली, मी रडले. हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

डोळे पुसून नेजिया आत्या म्हणाल्या, "तो हिरवा तूच मारलास ना? अब्बा म्हणायचे तूच."

मी ह्यांचा पाय दाबला, न जाणो खरं बोलून बसतील. पण वन्संनी खोटं बोलून श्रेय घ्यायला जन्म घेतलेला नाही. "हात माझाच होता," त्या म्हणाल्या. "पण नेजिया, मी न बघता मारला. मला माहीत नव्हतं काय मारतेय. गल्लीतली सगळी पुस्तकं वाचली, आणि हे एक मला वाचता आलं नाही. आज आलं."

इतकी वर्षं जिनं त्या शिक्क्यावर आशा ठेवली, तिला हे आज सांगायचं.

नेजिया आत्या म्हणाल्या, "तू न बघता मारलास. पण माझ्या बापानं बघून घेतला. त्याला पुरला तो."

वन्संनी त्यांचे दोन्ही हात धरले. गल्ली ओलांडताना वन्सं उलट्या चालत होत्या, पाठ आमच्या दाराकडे, तोंड नेजियाकडे, म्हणजे तिला दिसावं. पायरी आली, उंबरा आला, असं सांगत सांगत. उंबऱ्यापाशी नेजिया आत्यांचा पाय अडला. वन्सं आतून म्हणाल्या, "ये. मी बोलावतेय." आणि त्या आल्या.

आत येताच त्यांनी हवेत नाक वर केलं. "मुलुखिया लागलीय कुणाची तरी."

लागली होती. माझीच. चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा, आणि तीही वर्षाच्या पहिल्या दिवशी. खालचा थर न हलवता वरची काढली, पण करपट वास गेला नाही. दोघी एका ताटात जेवल्या, भाकरीचे तुकडे बुडवून, आणि मला कुणी काही बोललं नाही. हे नेहमी बोलतात, तेही नाहीत.

जेवण झाल्यावर वन्संनी उमैमाला दुकानाची किल्ली दिली. "ठसा आण. आणि शाई हिरवी आण, बाजूच्या कागदवाल्याकडे मिळेल. त्याला सांग शादलियानं मागितलीय, हसला तर हसू दे."

बैठं टेबल मधे ओढलं. वन्सं एका बाजूला, नेजिया आत्या समोर. पुठ्ठ्याच्या आत बोटभर जागा उरली होती, जुन्या हिरव्या शिक्क्याच्या शेजारी. वन्संनी ठसा शाईत दाबला, मग पुस्तक फिरवलं, पुन्हा फिरवलं, नीट बघून हात टेकला आणि उचलला. फुंकर मारली.

नेजिया आत्या वाकल्या, डोळे पानाला लागेपर्यंत. "तिकडून उलटा आला की काय गं?"

"इकडून उलटा आहे," वन्सं म्हणाल्या. "तुला सरळ दिसावा म्हणून."